ऊवे होन : विक्रमवीर आणि मार्गदर्शक

१. विषयाचे स्वरूप

उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही, हे विधान क्रीडाशिक्षणाच्या वर्गांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. तथापि खेळाडूचे ज्ञान शिक्षकाच्या हाती आल्यावर त्यातील कोणता भाग दुसऱ्यास देता येतो आणि कोणता देता येत नाही, हा प्रश्न शास्त्रीय विचारास योग्य आहे, आणि तो एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावाचून सोडविता येणे कठीण आहे. या दृष्टीने पूर्व जर्मनीचे भालाफेकपटू ऊवे होन यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. भाला १०० मीटरच्या पलीकडे फेकणारा इतिहासातील हा एकमेव खेळाडू. पुढे ज्या भाल्याने त्यांनी हा पराक्रम केला तो भालाच नियमाने बाद झाला, आणि होन यांना आयुष्याचा उत्तरार्ध स्वतःच्या विक्रमाच्या भाल्याहून निराळ्या भाल्याचे शिक्षण देण्यात घालवावा लागला. त्यांच्या शिष्यांत काही काळ भारताचा नीरज चोप्रा हाही होता, म्हणून आपल्या दृष्टीने या उदाहरणास अधिक महत्त्व आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम होन यांच्या खेळाडू म्हणून झालेल्या कारकिर्दीचा आढावा घेऊन, त्यानंतर १९८६ च्या नियमबदलाचे यांत्रिक स्वरूप स्पष्ट केले आहे, आणि शेवटी त्यांच्या मार्गदर्शनाच्या कार्याची चिकित्सा केली आहे. हा क्रम मुद्दामच ठेवला आहे. कारण नियमबदल नीट समजल्याखेरीज होन यांच्यापुढे शिक्षक या नात्याने कोणता पेच होता हे कळणार नाही.

२. खेळाडू

होन यांचा जन्म १६ जुलै १९६२ रोजी पूर्व जर्मनीतील नॉयरुपिन येथे झाला. पॉट्सडॅम येथील लष्करी क्रीडासंस्थेत त्यांची जडणघडण झाली. उंची जवळजवळ दोन मीटर आणि त्या मानाने भक्कम बांधा, अशी त्यांची शरीरसंपदा होती. १९८१ साली यूट्रेक्ट येथे ते युरोपातील कनिष्ठ गटाचे विजेते ठरले. पुढच्याच वर्षी अथेन्स येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ९१.३४ मीटर फेक करून त्यांनी प्रौढ गटाचे सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

भालाफेकीतील अंतरे त्या काळी झपाट्याने वाढत होती. १९५३ साली अमेरिकेच्या फ्रँकलिन हेल्ड यांनी ८०.४१ मीटर फेक करून ८० मीटरची मर्यादा प्रथम ओलांडली. तिच्यामागे हेल्ड बंधूंनी हवेच्या प्रवाहाचा विचार करून बनविलेला भाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६४ साली नॉर्वेच्या टेर्ये पेडरसन यांनी ९१.७२ मीटरपर्यंत मजल मारली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हंगेरीचे मिक्लॉश नेमेथ ९४.५८ मीटरवर पोहोचले, १९८० मध्ये त्यांचेच देशबंधू फेरेंक पारागी यांनी ९६.७२ मीटर अंतर गाठले, आणि १९८३ साली अमेरिकेच्या टॉम पेट्रानॉफ यांनी विक्रम ९९.७२ मीटरवर नेऊन ठेवला. शतकास केवळ २८ सेंटिमीटर उणे राहिले होते.

२० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमधील फ्रीडरिख लुडविग यान क्रीडांगणावर होन यांनी भाला १०४.८० मीटरवर टाकला. जुना विक्रम ५ मीटर ८ सेंटिमीटरने मागे पडला. धावमार्गाच्या आत आखलेल्या फुटबॉलच्या मैदानाची लांबी सामान्यतः १०५ मीटरच्या आसपास असते, एवढे सांगितले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. फेकीच्या चार दिवस आधी होन यांना बाविसावे वर्ष पूर्ण झाले होते.

आठ दिवसांनी लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामन्यांस प्रारंभ झाला. परंतु सोव्हिएत गटातील बहुतेक राष्ट्रांनी बहिष्कार घातल्यामुळे पूर्व जर्मनीचा संघ तेथे गेलाच नाही. ऑलिंपिकचे सुवर्णपदक फिनलंडच्या आर्टो हॅर्कोनेन यांनी ८६.७६ मीटर फेकीवर जिंकले. होन यांच्या वाट्यास बहिष्कार घालणाऱ्या राष्ट्रांसाठी मॉस्को येथे भरविलेले मैत्री सामने आले. तेथे ते ९४.४४ मीटर फेकीने पहिले आले. १९८५ मध्ये कॅनबेरा येथील विश्वचषक स्पर्धेत ९६.९६ मीटर फेक करून त्यांनी आपले श्रेष्ठत्व पुन्हा सिद्ध केले. यानंतर मात्र दुखापत आणि असफल शस्त्रक्रिया यांमुळे त्यांची कारकीर्द अकाली संपली. ऑलिंपिकच्या मैदानावर खेळाडू म्हणून उतरण्याचा योग त्यांना कधीच आला नाही.

येथे एका गोष्टीचा निर्देश करणे इतिहासाच्या दृष्टीने अवश्य आहे. पूर्व जर्मनीत खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये देण्याची योजना शासनानेच आखली व राबविली होती, हे १९९० नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून आणि पुढील न्यायालयीन खटल्यांवरून निर्विवाद झाले आहे. त्या व्यवस्थेत घडलेल्या कोणत्याही अंकाकडे पाहताना अभ्यासकाने ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता कामा नये. प्रस्तुत लेखाचा विषय विक्रमाचा गौरव हा नसून ज्ञानाचे संक्रमण हा असल्यामुळे या प्रश्नाचा अधिक विस्तार येथे केलेला नाही.

३. भाला बदलला म्हणजे काय झाले

पुरुषांच्या भाल्याचे वजन ८०० ग्रॅम आणि लांबी २.६० ते २.७० मीटर असते. १ एप्रिल १९८६ पासून ही मापे कायम ठेवून भाल्याचा गुरुत्वमध्य टोकाकडे ४ सेंटिमीटर सरकविण्यात आला. बदल दिसावयास क्षुल्लक आहे. परिणामाने तो क्रांतिकारक ठरला. त्याचे कारण पाहण्यासाठी भाल्याच्या उड्डाणाचा थोडा विचार करावा लागेल.

हवेचा विरोध नाही असे क्षणभर धरले, तर ३५ अंशांच्या कोनाने आणि सेकंदास २८ मीटर वेगाने सोडलेली वस्तू त्याच पातळीवर सुमारे ७५ मीटरवर पडेल. वेग सेकंदास ३० मीटर झाला तर तेच अंतर सुमारे ८६ मीटर होते. भाला जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवरून सुटतो, त्यामुळे यात आणखी अडीच ते तीन मीटरची भर पडते. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे येथील मुख्य तत्त्व आहे. म्हणूनच भालाफेकीत सुटण्याच्या वेगाइतके महत्त्व दुसऱ्या कशासही नाही. याच हिशेबाने १०४.८० मीटर अंतर गाठावयाचे तर निर्वात प्रदेशात सेकंदास साडेबत्तीस मीटरहून थोडा अधिक वेग लागेल.

प्रत्यक्षात भाला हवेतून जातो. हवा त्याला मागे ओढते, त्याचप्रमाणे भाल्याचा अक्ष आणि त्याची गतिदिशा यांत कोन असला म्हणजे त्यास वर उचलतेही. हवेच्या या प्रेरणांचा एकत्रित परिणाम ज्या बिंदूवर झाला असे मानता येते त्यास दाबमध्य म्हणतात. दाबमध्य आणि गुरुत्वमध्य हे एकाच ठिकाणी असले तर भाला आपली दिशा बदलत नाही. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर शेपटीकडील भाग उचलला जाऊन टोक खाली वळविणारे परिबल उत्पन्न होते. तो पुढे असेल तर टोक वर उचलले जाते. जुन्या भाल्यात उड्डाणाच्या बऱ्याच भागात हे दोन मध्य परस्परांजवळ राहात. त्यामुळे टोक दीर्घकाळ वर राहून भाला एखाद्या पतंगाप्रमाणे हवेवर तरंगे आणि त्या उचलीचा फायदा अंतराला मिळे.

या गुणाचाच दुसरा परिणाम असा की, पुष्कळ वेळा भाला टोकावर न पडता आडवा पडे. फेक ग्राह्य धरावयाची तर टोक प्रथम जमिनीस लागले पाहिजे, असा नियम आहे. आडव्या पडलेल्या भाल्याचे टोक आधी लागले की मधला भाग, याचा निर्णय पंचांना दुरून डोळ्यांनी करावा लागे आणि त्यावरून वाद व तक्रारी उद्भवत. होन यांच्या फेकीमुळे नियम बदलला, असे सर्वत्र सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अंतरे वाढून प्रेक्षक व धावपटू यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण झाला होता हे खरे असले, तरी आडव्या पडणाऱ्या भाल्यांचा प्रश्नही तितकाच निकडीचा होता. गुरुत्वमध्य पुढे नेल्यामुळे दाबमध्य उड्डाणाच्या बहुतेक भागात त्याच्या मागे राहू लागला, टोक लवकर खाली वळू लागले, आणि दोन्ही प्रश्न एकदम सुटले. अंतरे सुमारे दहा टक्क्यांनी घटली. नव्या भाल्याचा पहिला जागतिक विक्रम १९८६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायर यांनी केला, तो ८५.७४ मीटरचा होता.

या बदलामुळे होन यांचा विक्रम रद्द झाला असे म्हणणे बरोबर नाही. तो मिटलेल्या वहीतील शेवटची नोंद म्हणून कायम राहिला. रद्द होणे म्हणजे काय, याचे उदाहरण पाच वर्षांनी मिळाले. शेपटीचा पृष्ठभाग खडबडीत करून गमावलेल्या अंतराचा काही भाग परत मिळविणारे भाले बाजारात आले. त्यांच्या साहाय्याने फिनलंडच्या सेप्पो रॅटी यांनी १९९१ मध्ये ९६.९६ मीटरपर्यंत विक्रम नेला. त्याच वर्षी असे भाले निषिद्ध ठरवून त्यांनी केलेले विक्रम यादीतून काढून टाकण्यात आले. स्त्रियांच्या भाल्यातही १९९९ पासून असाच बदल झाला आणि पूर्व जर्मनीच्याच पेट्रा फेल्के यांची १९८८ मधील बरोबर ८०.०० मीटरची फेक जुन्या भाल्याची अखेरची नोंद ठरली. नव्या नियमाखालील पुरुषांचा विक्रम चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नी यांनी २५ मे १९९६ रोजी येना येथे ९८.४८ मीटरवर नेला. त्यालाही आता जवळजवळ तीन दशके होत आली आहेत.

४. मार्गदर्शकापुढील पेच

वरील विवेचनावरून होन यांच्यापुढील पेच स्पष्ट होईल. भालाफेकपटूचे कौशल्य तीन घटकांत विभागता येईल, असे मला वाटते.

पहिला घटक साधनाशी निगडित आहे. भाला कोणत्या कोनात सोडावा, त्याचे टोक हवेशी किती उचललेले असावे, वारा समोरून असता काय करावे, हे ज्ञान विशिष्ट भाल्यापुरते खरे असते. जुन्या भाल्यावर उचलीचा लाभ घेण्याची जी नाजूक कला होती तिचा बराचसा भाग १९८६ नंतर निरुपयोगी झाला.

दुसरा घटक शरीराच्या यांत्रिक क्रियेशी संबंधित आहे. धाव घेत येणाऱ्या खेळाडूचा वेग सेकंदास साधारणतः सहा मीटरच्या आसपास असतो. भाला मात्र हातातून त्याच्या पाचपट वेगाने सुटतो. ही वाढ शेवटच्या पावलांत घडते. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे ताठ रोवला जातो, त्यामुळे कमरेखालचा भाग एकाएकी थांबतो, आणि थांबलेल्या भागाचा संवेग क्रमाने कंबर, धड, खांदा, कोपर आणि मनगट यांच्याकडे संक्रमित होतो. डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंतचा अवधी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागाहून अधिक नसतो. सेकंदास ३० मीटर वेगाने सुटणाऱ्या भाल्यात ३६० जूल ऊर्जा असते. ती एवढ्या अवधीत हातातून जाते, यावरून कोपरावर आणि खांद्यावर किती ताण पडत असेल हे समजेल. हा भाग साधनाच्या बदलाने बाधित होत नाही. तो शिकविता येतो, मोजता येतो आणि सुधारता येतो.

तिसरा घटक व्यक्तिगत आहे. सुमारे दोन मीटर उंचीच्या माणसास लांब हातांमुळे भाल्यावर दीर्घ अंतरापर्यंत बळ लावता येते. झेलेझ्नी यांची उंची १.८५ मीटरच्या आसपास होती, आणि त्यांचे सामर्थ्य खांद्याच्या लवचिकपणात व हाताच्या विलक्षण चपळतेत होते. दोघांनीही शिखर गाठले, परंतु वाटा निराळ्या. स्वतःच्या शरीराने जे शिकविले तेच सर्वांस लागू आहे, असा समज करून घेण्याचा मोह श्रेष्ठ खेळाडूस अधिक होतो, कारण त्याच्या पद्धतीस विक्रमाचा पुरावा असतो.

होन यांच्या शिष्यवर्गाकडे या वर्गीकरणाच्या आधारे पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे जॅरड बॅनिस्टर यांना त्यांनी काही काळ मार्गदर्शन केले. त्यानंतर चीनचे झाओ छिंगगांग त्यांच्या हाताखाली आले. झाओ यांनी २०१४ मध्ये इंचॉन येथील आशियाई सामन्यांत ८९.१५ मीटर फेक करून सुवर्णपदक पटकाविले आणि जपानच्या काझुहिरो मिझोगुची यांचा १९८९ पासूनचा ८७.६० मीटरचा आशियाई विक्रम मोडला. पंचवीस वर्षे अबाधित राहिलेला विक्रम दीड मीटरहून अधिक अंतराने मोडला गेला, आणि तोही नव्या भाल्याने. होन यांच्या ज्ञानातील दुसरा घटक भाला बदलूनही टिकून होता, याचा हा सबळ पुरावा मानता येईल.

५. भारतातील कार्य

२०१७ च्या अखेरीस होन यांची भारताच्या भालाफेकपटूंसाठी नेमणूक झाली. २०१८ साली नीरज चोप्राने एप्रिलमध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल सामन्यांत ८६.४७ मीटर, मे महिन्यात दोहा येथे ८७.४३ मीटर आणि ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई सामन्यांत ८८.०६ मीटर अशी चढती अंतरे नोंदविली. पहिल्या व तिसऱ्या फेकीस सुवर्णपदके मिळाली.

या अंकांचे श्रेय ठरविताना सावधगिरी बाळगावी लागते. नीरजने २०१६ मध्येच पोलंडमधील बिडगॉश्च येथे ८६.४८ मीटर फेक करून वीस वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम केला होता. तेव्हा त्याचे मार्गदर्शक ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट हे होते. म्हणजे राष्ट्रकुल सुवर्णपदकाची फेक त्या जुन्या फेकीहून एक सेंटिमीटर कमीच होती. होन यांच्याकडे तो पूर्ण तयारीचा खेळाडू म्हणून आला, कोरी पाटी म्हणून नव्हे. त्यानंतर चार महिन्यांत १.५९ मीटरची वाढ झाली हेही तितकेच खरे आहे. या वाढीत वयाने आलेल्या बळाचा वाटा किती आणि शिक्षणाचा किती, हे केवळ अंतरांवरून सांगता येणार नाही.

२०१९ मध्ये नीरजच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याने क्लाउस बार्टोनिएट्झ या दुसऱ्या जर्मन मार्गदर्शकाकडे शिक्षण सुरू केले. होन यांच्याविषयी आदर आहे, परंतु त्यांची पद्धती आपल्याला निराळी वाटली, अशा आशयाचे उद्गार नीरजने पुढे काढले. बार्टोनिएट्झ हे विक्रमवीर नव्हते. ते जीवयांत्रिकीचे अभ्यासक होते. जानेवारी २०२० मध्ये पॉचेफस्ट्रूम येथे ८७.८७ मीटर फेक करून नीरजने ऑलिंपिकची पात्रता मिळविली आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटर फेकीवर सुवर्णपदक जिंकले. होन यांच्याकडे या काळात शिवपाल सिंग आणि अन्नू रानी यांचे शिक्षण होते. सोयी व व्यवस्था यांविषयी भारतीय क्रीडाधिकाऱ्यांशी त्यांचे मतभेद त्या वर्षी जाहीरपणे प्रकट झाले, आणि ऑलिंपिकनंतर, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्यांचा करार संपुष्टात आला.

या घटनाक्रमावरून, विक्रमवीर हरला आणि अभ्यासक जिंकला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ते मात्र पुराव्यास धरून होणार नाही. टोकियोचे रौप्य व कांस्य पदक मिळविणारे याकुब वाडलेख आणि विटेझस्लाव व्हेसेली या दोघा चेक खेळाडूंना ज्यांचे मार्गदर्शन लाभले ते झेलेझ्नी स्वतः तीन वेळचे ऑलिंपिक विजेते होते. पुढे नीरजही २०२५ च्या हंगामात झेलेझ्नी यांच्याकडे शिकला आणि मे २०२५ मध्ये दोहा येथे ९०.२३ मीटर फेक करून त्याने ९० मीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली. त्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत मात्र तो आठव्या क्रमांकावर राहिला. तात्पर्य, मार्गदर्शकाचा पूर्वेतिहास हा शिष्याच्या यशाचा निश्चित पूर्वसूचक नाही, एवढेच या उदाहरणांतून सिद्ध होते. झाओ यांस जी पद्धती फलदायी झाली ती नीरजला मानवली नाही. पद्धती तीच, शरीरे निराळी.

६. निष्कर्ष

होन यांच्या कारकिर्दीवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, क्रीडेतील विक्रम हा केवळ माणसाचा नसतो. तो माणूस, साधन आणि नियम या तिघांचा संयुक्त असतो. यांपैकी एक बदलला की जुन्या व नव्या अंकांची तुलना निरर्थक ठरते. १०४.८० आणि ९८.४८ यांतील मोठी फेक कोणती, हा प्रश्न म्हणूनच शास्त्रीय दृष्ट्या अयोग्य आहे.

दुसरी अशी की, मार्गदर्शकाच्या ज्ञानाचे मूल्यमापन करताना साधननिष्ठ, शरीरयांत्रिक आणि व्यक्तिगत असे त्याचे घटक निराळे करून पाहिले पाहिजेत. संक्रमणक्षम असतो तो मुख्यतः मधला घटक. पहिला कालबाह्य होऊ शकतो, आणि तिसरा दुसऱ्यावर लादल्यास अपायकारक होऊ शकतो.

तिसरी गोष्ट आपल्याकडील व्यवस्थेविषयी आहे. परदेशी मार्गदर्शक निवडताना त्याच्या स्वतःच्या फेकीच्या अंतराला आपण जे वजन देतो ते कमी करून, त्याने कोणत्या बांध्याच्या व कोणत्या सवयीच्या शिष्यांना कोठून कोठपर्यंत नेले, याची नोंद तपासली पाहिजे. त्यासाठी शिष्याच्या सुटण्याच्या वेगाची, कोनाची आणि दुखापतींची वर्षानुवर्षे ठेवलेली टिपणे लागतात. अशी टिपणे खेळाडू मार्गदर्शक बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर जावयास हवीत. ती नसली म्हणजे प्रत्येक नवा शिक्षक पहिल्या धड्यापासून आरंभ करतो आणि खेळाडूचे एक-दोन हंगाम खर्ची पडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस संशोधनासाठी येथे विस्तीर्ण क्षेत्र मोकळे आहे. जिल्हा व राज्य पातळीवरील भालाफेकपटूंच्या फेकींचे चित्रण करून त्यांचा सुटण्याचा वेग दरवर्षी मोजणे हे काम अल्प साधनांत होण्यासारखे आहे, आणि त्याचा आरंभ विद्यापीठीय क्रीडांगणावरच करता येईल.